गिटार भरून देणारी बेबीबाई

लाखनीच्या सर्व्हिस रोडवर टिनाचा एक गाळा आहे. वर पाटी आहे : ‘आसाराम मोटर वाइंडिंग’. या पाटीतला पहिला शब्द खोटा आहे. नऊ वर्षांपासून खोटा आहे, आणि लाखनीतल्या एकाही माणसाला त्याचं कधी काही वाटलेलं नाही.

आत शिरलं की समोर खुर्चीवर आसाराम मारबते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला टेस्टर, हाताशी चहा. कुणी शेतकरी जळलेली मोटर घेऊन आला की आसाराम उठतो, मोटरीभोवती एक चक्कर मारतो, वाकून वास घेतो आणि डॉक्टरसारखा चेहरा करून सांगतो, “गेली.” ती गेलेली आहे हे शेतकऱ्याला ठाऊकच असतं, म्हणून तर त्यानं ती मोटरसायकलवर बांधून आणलेली असते. पण आसारामनं सांगितलं की त्याला बरं वाटतं. मग मोटर पडद्यामागं जाते, आणि पडद्यामागं बेबीबाई असते.

मोटर भरते ती बेबीबाई. जळकी तार छिन्नीनं कापून काढायची, खाचांत नवा कागद घालायचा, नव्या तारेचे वेढे मोजून गुंडाळ्या करायच्या, त्या एकेका खाचेत बसवायच्या, दोऱ्यानं बांधायच्या, वार्निश पाजायचं, उन्हात वाळवायचं. हे सगळं तिचं. आसारामचे हात नऊ वर्षांपूर्वी थरथरायला लागले. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, नागपूरच्या डॉक्टरनं त्या बदलून दिल्या, हात काही थांबले नाहीत. पहिल्या वर्षी बेबीबाई नुसता ‘हात लावत’ होती. दुसऱ्या वर्षापासून सगळाच्या सगळा हात तिचाच. आपल्याकडं बाईनं पूर्ण काम केलं तरी त्याला हातभार म्हणतात, आणि माणसानं त्या कामाकडं बघून नुसती मान हलवली तरी त्याला देखरेख म्हणतात. ही रीत कुणी काढली ते विचारू नका. ज्यानं काढली तो खुर्चीवर बसलेला होता एवढं नक्की.

बेबीबाईची बोटं सिहोऱ्यात तयार झाली. धिवराची लेक ती. बाप तलावावर, आणि लेकी घरात जाळी विणत बसलेल्या. आठव्या वर्षी तिला अंधारात बोटानं गाठ कळायची. जाळ्याचा एक डोळा लहान पडला तर बाप जाळं तोंडावर फेकायचा. त्यामुळं पुढं तारेचे वेढे मोजताना ती चुकली नाही यात जादू काही नाही. तोंडावर जाळं पडलेलं माणूस मोजायला शिकतंच.

पण तिला सगळ्यात जास्त चीड यायची ती लाखनीची नाही, सिहोऱ्याची. माहेरी गेली की जो तो म्हणायचा, “काय व बेबी, आमच्या जावयाच्या हातात जादू हाय म्हनते!” आणि सगळ्यात मोठ्यानं म्हणायचा तिचा सख्खा थोरला भाऊ, वासुदेवराव. हे गृहस्थ गावच्या मच्छीमार सोसायटीचे अठरा वर्षांपासून अध्यक्ष. अठरा वर्षांत घोटाभर पाण्यात पाय घातलेला नाही, मासा ओळखतात तो ताटात आल्यावर. एकदा जेवताना बेबीबाईनं त्याला सरळ सांगितलं, “दादा, त्या मोटरी म्या भरल्या. सबन्या म्याच.” वासुदेवराव मायेनं हसला. म्हणाला, “हो ना व, तू मदत करत असशीनच.” बेबीबाई भरल्या ताटावरून उठली आणि दोन एसट्या बदलून तशीच उपाशी लाखनीला आली. वाटेत तिनं ठरवलं, सिहोऱ्यात एकदा तरी, एका तरी माणसाच्या तोंडून, मिस्त्री म्हणून आपलं नाव निघालं पाहिजे.

मग या वर्षी दिवाळीच्या आधी सिहोऱ्याहून भुपेंद्र आला. अठ्ठावीस वर्षांचा, गावनात्यानं बेबीबाईचा भाचा, दंडारीच्या, म्हणजे तिकडच्या नाचगाण्याच्या लोकनाट्याच्या, मंडळात गिटार वाजवणारा. आता दंडारीत ढोलकी-टुणटुण्याच्या जोडीला गिटार आली आहे, कारण बाजूच्या गावानं आणली. पाठीवरची पिशवी उघडून त्यानं लाल रंगाची गिटार काउंटरवर आडवी ठेवली.

आसाराम उठला. गिटारीभोवती एक चक्कर मारली. वाकून वास घेतला.

“गेली,” तो म्हणाला.

“अर्धी गेली, मामाजी,” भुपेंद्र म्हणाला. “आत्या कठी हाय?”

बेबीबाई पडदा सारून बाहेर आली. नऊ वर्षांत कुणी दुकानात येऊन तिला आधी विचारायची ही पहिलीच वेळ. म्हणून तिनं लगेच ओरडून घेतलं, “काहून रे, हे काय वाजाचं सामान घेऊन आला? ह्या दुकानात पानी काढाचं सामान येते.”

भुपेंद्रनं सगळं समजावून सांगितलं. गिटारीच्या तारांखाली दोन लांबट डब्या असतात, त्यांना पिकअप म्हणतात. आत चुंबक, आणि चुंबकाभोवती केसाहून बारीक तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की त्या वेढ्यांत करंट तयार होतो, तो स्पीकरपर्यंत जातो आणि वाजतो. यातली एक डबी घाम आणि पाऊस पिऊन मेली. दुसरी जिवंत आहे, पण स्टेजवरचे लाइट लागले की तारेआधी तीच वाजते, घूंऽऽ करून. नागपुरात दाखवली तर दुकानदार म्हणाला, नवी जोडी मागवायला महिना लागेल, आणि जुनी भरून देणारा माणूस विदर्भात नाही.

“माणूस नाई म्हणाला ना?” बेबीबाईनं विचारलं.

“हो.”

“ठेव मग.”

पण भुपेंद्रला नुसती जिवंत करून नको होती. त्याला वरचढ करून हवी होती. घूं आवाज ज्यात येतच नाही अशी जोडीची कॉइल असते, त्याचा व्हिडिओ त्यानं मोबाइलवर लावला. दाढीवाला गोरा माणूस इंग्रजीत बोलत होता. बेबीबाईनं आवाज बंद करायला लावला आणि फक्त त्याचे हात बघितले. चार वेळा बघितले. भाषा कळली असती तर हात बघायचे राहून गेले असते.

“समजलं,” ती म्हणाली. “लाइटचा घूं दोनी डब्यांत सारखाच शिरते. म्हनून एक डबी उलटी भराची. दोन माणसं डोंगा दोनीकडून ओढून राहिले तर डोंगा जागच्या जागी. घूं मेला.”

“पन मंग तारेचा आवाजबी मरन ना व,” आसाराम मध्येच म्हणाला. त्याला बरोबर शंका आली होती. हातानं थरथरत असला तरी डोक्यानं तो मिस्त्रीच होता.

“म्हनून त्या डबीचं चुंबकबी उलटं लावाचं. तारेचा आवाज चुंबकातून येते, घूं बाहेरून येते. तारेचा दोनदा उलटा झाला म्हनजे सुलटा झाला. घूंचा एकदाच झाला.”

आसारामनं मान हलवली. पटल्यासारखी. पण पंचवीस वर्षं ज्यानं मोटरी भरल्या त्याच्या पोटात एक गोष्ट घट्ट बसलेली असते : मोटरीत एक गुंडाळी उलटी बसली की मोटर फिरत नाही, नुसती गुरगुरते आणि जळते. उलटी गुंडाळी म्हणजे मिस्त्रीची नाचक्की. डोकं मान हलवतं, पोट हलवत नाही.

भुपेंद्रनं नागपूरच्या इतवारीतून बारीक तारेचं रीळ आणून दिलं आणि बेबीबाईनं काम काढलं. जुनी तार कापून काढली. डबी गुंडाळायच्या मशीनवर चढवली, दांडा फिरवला, आणि तार तुटली. पुन्हा लावली, पुन्हा तुटली. पंपाच्या तारेला जो ताण लागतो त्यात ही तार जळमटासारखी जायची. एकदा चार हजार वेढ्यांवर तुटली तेव्हा बेबीबाईनं गोऱ्या माणसापासून सुरुवात करून नागपूरच्या दुकानदारापर्यंत सगळ्यांची आई-बहीण आठवली. मग तिनं तार चिमटीत धरणं सोडलं आणि बोटावरून नुसती वाहू दिली, जाळं विणताना दोरा वाहू देतात तशी. सहा हजार वेढे. मग दुसरी डबी, सहा हजार वेढे, उलट्या अंगानं, आणि तिचं चुंबक पालथं. डब्यांच्या तारा गिटारीच्या मागच्या झाकणाखाली आणून सोल्डरचा डाग दिला. वार्निश तेवढं पाजलं नाही. वार्निश वाळायला दोन दिवस लागतात, आणि सिहोऱ्याची मंडई, म्हणजे दिवाळीची गावजत्रा, उद्यावर आलेली. “हे काई मोटर थोडीच हाय फिराले,” ती म्हणाली. वेढे जरा सैल राहिले, तर राहिले.

संध्याकाळी भुपेंद्रच्या छोट्या स्पीकरवर लावून बघितलं. सगळे लाइट लावले, पंखा लावला, ड्रिल मशीन सुरू करून बाजूला धरलं. घूं नाही. तार छेडली, आणि आवाज असा भरून आला की बाजूच्या पंक्चरवाल्यानं टायर सोडून डोकं आत घातलं.

“आत्या!” भुपेंद्र एवढंच म्हणाला आणि तिच्या पाया पडायला लागला. “अरे हट,” बेबीबाई म्हणाली, पण पाय मागं घेतले नाहीत. “गिटार राहू दे अठीच,” तिनं सांगितलं. “मीच घेऊन येईन उद्या. माहेरी रिकाम्या हातानं कायले येऊ?”

भुपेंद्रनं गावात जाऊन सांगितलं, लाखनीच्या आत्याच्या दुकानातून गिटार भरून आली. ‘आत्याच्या दुकानातून’ हे ऐकून वासुदेवरावच्या डोक्यात जायचं तेच गेलं. रात्री आठला आसारामचा फोन वाजला.

“हो... हो भाऊजी... नाई नाई, तसं नाई... हो... बरं.” आसारामनं फोन ठेवला.

“काय म्हन्ते दादा?”

“उद्या मंडईत सत्कार हाय म्हन्ते. शाल अन् नारळ.”

“कोनाचा?”

आसारामनं चहाचा रिकामा कप उचलून त्यात बघितलं.

“कोनाचा म्हटलं मी!”

“मी सांगतच होतो व. तो बोलूच देत नाई. पंधरा मिनिटं तोच बोलला. जावईबुवा जावईबुवा...”

“अन् तुमी हो म्हनले.”

“मी तठी सांगतो ना. स्टेजवरच सांगतो. सबन्याइच्या समोर. बायकोनं भरली म्हनून.”

बेबीबाईनं त्याच्याकडं बघितलं. आसाराम माणूस खोटा नव्हता. फक्त खरं बोलायची पाळी आली की त्याला मध्ये कुणीतरी चहा विचारायचं. “नाई सांगतलं ना तुमी,” ती म्हणाली, “तर सिहोऱ्याले माहा हा शेवटचा फेरा. मेली तरी जाणार नाई मी तठी. समजून घ्या.”

सकाळी तिनं हिरवं लुगडं नेसायला, डोक्याला तेल लावायला, शेजारणीला किल्ली द्यायला असा तासभर घेतला. आसाराम तोवर दुकानात गिटारीजवळ बसून होता. मग दोघं एसटीत बसले. गिटार बेबीबाईच्या मांडीवर, नातवासारखी. तुमसरपर्यंत आसाराम खिडकीबाहेर बघत होता आणि अधूनमधून आपल्या हातांकडं बघून हसत होता. बेबीबाईला वाटलं, शालीचा आनंद आहे. तिचं डोकं आणखी तापलं.

सिहोऱ्याची मंडई दुपारी रंगात आलेली. पाळणे, जिलेबी, बांगड्या, फुगे, अर्धं गाव पाहुण्यांनी भरलेलं. शाळेजवळ दंडारीचं स्टेज, दोन्ही बाजूंना माणसाएवढे स्पीकरचे डबे, आणि दिवसाढवळ्या लावलेले रंगीत लाइट, कारण भाड्यानं आणले आहेत तर लावायलाच पाहिजेत. भुपेंद्रच्या तोंडाला रंग लागलेला, त्याला वेळ नव्हता. त्यानं मोबाइलवर बघून तारा जुळवल्या आणि गिटार गळ्यात अडकवली.

बेबीबाई बायकांमध्ये बसली. पहिल्याच रांगेत, नवरा आणि भाऊ दोघांच्याही तोंडासमोर.

वासुदेवरावनं माइक हातात घेतला. हा माणूस माइक घेताना खोकतो आणि परत करताना रुसतो. “सिहोरा नगरीचे बंधू आनि भगिनींनो! मोठमोठ्या शहरातले दुकानदार हरले. म्हनाले, हे काम होत नाई. पन एका माणसानं केलं. कोनी केलं?” तो थांबला. बेबीबाई जागेवरच सरसावून बसली. “आपल्या गावच्या जावयानं केलं! अरे, शेवटी जावई कोनाचा!”

टाळ्या. शाल आसारामच्या खांद्यावर पडली. आसारामनं तोंड उघडलं. खरंच उघडलं, बेबीबाईनं बघितलं. “मले असं सांगाचं हाय का...” तो म्हणाला, आणि वासुदेवरावनं त्याच्या हातात नारळ कोंबला आणि माइक स्वतःकडं ओढला. “जावईबुवा लाजून राहिले! आता आपन गिटारच ऐकू. वाजव रे भुपेंद्र!”

भुपेंद्रनं हात मारला.

घूंऽऽऽऽऽ!

पाच हॉर्सची मोटर जाम होऊन गुरगुरते तसा आवाज दोन्ही स्पीकरमधून निघाला. तारांचा आवाज त्यात कुठंतरी डासासारखा होता. भुपेंद्रनं घाबरून बटण पूर्ण फिरवलं. डास तेवढाच राहिला, मोटर दुप्पट झाली. पाळण्यातली लेकरं रडायला लागली.

“अरे स्विच बंद करा!” मागून एक शेतकरी ओरडला. “जळन ते!”

“पानी कठी पडून राहिलं पाहा रे!” दुसरा ओरडला.

सगळी मंडई हसायला लागली. वासुदेवरावनं शालीचं टोक हळूच सोडलं, जणू ती कुणी दुसऱ्यानंच घातली होती. “जावईबुवा, पाहा जरा.”

आता काय करतो आसाराम? त्यानं नारळ खाली ठेवला, खिशातला टेस्टर काढला आणि गिटारीच्या मागच्या स्क्रूला लावायला गेला. टेस्टर स्क्रूच्या इकडं गेला, तिकडं गेला. हात पाण्यातल्या काडीसारखा हलत होता. एवढ्या लोकांसमोर तो आणखी हलायला लागला.

“जावयाले थंडी वाजून राहिली रे! शाल नीट पांघरवा!”

पुन्हा हशा. आणि बेबीबाई उठली. सकाळपासून तिला या माणसाला चारचौघांत उघडं पाडायचं होतं, आणि आता तो उघडा पडत होता तर तिच्यानं ते बघवेना. त्या हातावर हसायचा हक्क कुणाला असलाच तर तो तिचा, आणि ती नऊ वर्षांत एकदाही हसली नव्हती. लुगड्याचा पदर खोचून ती स्टेजवर चढली. “सरका,” तिनं भावाला सांगितलं. वासुदेवराव सरकला. माइकही घेऊन सरकला.

तिनं झाकण उघडलं. आत बघितलं आणि थांबली. दुसऱ्या डबीच्या दोन तारांची अदलाबदल झाली होती. डाग ताजा होता, चकचकीत, आणि तिचा नव्हता.

“कोनं केलं हे?”

आसाराम खाली बघून पुटपुटला, “ते एक कॉइल उलटी होती ना व. सकाळी मी... सरळ केली.”

बेबीबाईनं डोळे मिटले. उघडले. साउंडवाल्याकडं हात केला. त्यानं डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न गरम करून दिलं, आणि तिनं भर स्टेजवर मांडी घालून गिटार उपडी घेतली, दोन तारा सोडवल्या, फिरवल्या, परत डाग दिला. घूं असा गेला, जसा कुणी त्याचा गळा धरला. इतकी शांतता झाली की जिलेबीवाल्याची कढई ऐकू यायला लागली.

गिटार मात्र स्पीकरना जोडलेलीच होती, आणि भुपेंद्रनं बटण पूर्ण फिरवलेलं तसंच होतं. आणि वार्निश न पाजलेले सैल वेढे तारेसारखेच माणसाच्या आवाजानंही थरथरतात, हे त्या गोऱ्या माणसानं सांगितलंही असेल. पण बेबीबाईनं त्याचा आवाज बंद केला होता. तिनं गिटार सरळ केली, पिकअपच्या डब्यांवर वाकली आणि, आपल्या मतानं, नवऱ्याच्या कानात कुजबुजली. ते अख्ख्या मंडईला ऐकू गेलं. पिंपात तोंड घालून बोलल्यासारखं, पण शब्द न् शब्द.

“नऊ वर्षं मोटरी भरून राहिली मी. एकबी वापस आली का? सांगा! अन् तुमी एक डाव हात लावला तर सारी मंडई घूं करून राहिली. अन् वरून शाल घेऊन उभे! अन् तो माहा भाऊ, अठरा वर्षं सोसायटीचा अध्यक्ष, घोटाभर पान्यात पाय नाई टाकला भैताडानं, तो सांगन कोनाच्या हातात जादू हाय ते!”

मंडई चिडीचूप. बेबीबाईला वाटलं, लोक अदबीनं गप्प आहेत.

“मी सांगनारच होतो व,” आसारामही गिटारीवर वाकून म्हणाला. तेही गेलं. “पन सकाळी हात जरा थांबला. नऊ वर्षांनी थांबला. एक तास लागला दोन तारा जोडाले. पन जोडल्या ना? तू पाह्यला ना डाग?”

बेबीबाईनं तो डाग बघितला होता. गोल, गुळगुळीत, कुठं थेंब लोंबलेला नाही. नऊ वर्षांपूर्वी ती ज्याच्याकडं बघून शिकली तसाच.

“डाग चांगला होता,” ती म्हणाली. “जागा चुकली.”

“आत्या,” भुपेंद्र रंगलेल्या तोंडानं, जवळजवळ रडवेला होऊन म्हणाला, “आत्या, तुमचं सबनं बाहेर जाऊन राहिलं.”

“काय बाहेर जाऊन राहिलं?” बेबीबाईनं विचारलं, आणि दोन्ही स्पीकरनीही विचारलं, “काय बाहेर जाऊन राहिलं?”

मग जो हशा उठला तो पाळण्यांच्याही वर गेला. बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. ‘भैताड’, म्हणजे बावळट, या शब्दानं तर लोक पोरांना खेळवायला लागले होते. वासुदेवरावचं तोंड भुपेंद्रपेक्षा लाल, तेही रंग न लावता. पण तो राजकारणातला माणूस. त्यानं माइक उचलला, खोकला आणि हसला. “हे हे... घरचाच मामला हाय. आता शाल याच्या खांद्यावर काय, तिच्या खांद्यावर काय! शाल घरातच राहिली ना?”

“असं का?” बेबीबाई म्हणाली. आता तिला गिटार कळली होती, ती मुद्दाम तिच्यावर वाकून बोलली. “मंग सोसायटीचं अध्यक्षपद वहिनीले देऊन टाक. तेबी घरातच राहीन.”

बायकांच्या रांगेतून सगळ्यात मोठी टाळी आली ती वहिनीची. तिनं टाळी वाजवून झाल्यावर इकडं तिकडं बघितलं आणि आणखी एकदा वाजवली.

आसारामनं खांद्यावरची शाल काढली. ती हातात धरून उभा राहिला, कुणाला द्यावी ते न कळल्यासारखा, आणि मग त्यानं ती मेव्हण्याच्या हातात ठेवली. “तुमीच घाला भाऊजी,” तो म्हणाला. “मले घालता येत नाई. हात हलते.”

वासुदेवराव शाल घेऊन बहिणीकडं आला. हळू आवाजात म्हणाला, “घे व. भाऊबीजेची ओवाळणी समज.”

“ओवाळणी बहिणीले भेटते,” बेबीबाई म्हणाली. “ते तू घरी दे, साडी दे, अन् चांगली दे, मागच्या साली दिली तशी नोको. हे कायचं हाय ते मायकवर सांग.”

वासुदेवरावनं माइककडं बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला तो जड झाला. मग त्यानं खोकला न काढता सांगितलं, “बेबीबाई आसाराम मारबते. राहणार लाखनी. मोटर...” तो अडखळला, “मोटर अन् गिटार भरनाऱ्या मिस्त्री. हा सत्कार त्यायचा.”

“पहिल्यापासून त्यायचाच होता म्हन,” मागून तोच शेतकरी ओरडला.

“पहिल्यापासून त्यायचाच होता,” वासुदेवराव म्हणाला.

शाल खांद्यावर पडली तेव्हा बेबीबाई हसली वगैरे नाही. तिनं शाल उलटी करून कापड तपासलं, आणि भुपेंद्रला सांगितलं, “बटण कमी कर अन् वाजव. लोक कायसाठी आले हायेत?” भुपेंद्रनं वाजवलं. ढोलकीवाला आधी मान हलवत बसला होता, दुसऱ्या ओळीला त्याचे हात आपोआप गिटारीमागं गेले. तो आवाज कसा होता हे लिहून सांगता येत नाही. ज्यांना ऐकायचा होता ते तिथं होते.

आठवड्याभरात सिहोरा, तुमसर, मोहाडीकडून मोटरी यायला लागल्या. जळलेल्या कमी, बऱ्या जास्त. लोकांना मोटर दाखवायची नव्हती, बेबीबाई बघायची होती. तिनं पडदा काढून टाकला होता. आता प्रत्येकजण थेट तिच्या डोक्यावर येऊन उभा राहायचा. बाई, खरंच तुमीच का? बाई, ते भैताडवालं एकदा सांगा ना. बाई, आमच्या मिक्सरमधून बोलता येईन का? एका दिवसात तिची मोजणी सात वेळा चुकली. एवढी तर नऊ वर्षांत चुकली नव्हती. गिऱ्हाइकाशी बोलणं हेही एक काम असतं, आणि ते तिच्या वाट्याला इतकी वर्षं आलंच नव्हतं, हे तिच्या ध्यानात आलं. ध्यानात आलं म्हणून ती कुणाला बोलून दाखवणार नव्हती.

आठव्यांदा मोहाडीचा एक माणूस तिच्यासमोर उकिडवा बसला आणि मोबाइल काढून म्हणाला, “बाई, तुमीच का त्या गिटारीतून बोलनाऱ्या?”

बेबीबाईनं गुंडाळी खाली ठेवली. छिन्नी उचलून खुर्चीकडं दाखवली. खुर्चीवर आसाराम चहा हातात धरून बसला होता, अर्धा बशीत, अर्धा शर्टावर.

“बोलनारे ते,” ती म्हणाली. “मी भरनारी. मोटर ठेवा अठी, अन् बोलाचं असन तर त्यायच्याशी बोला.”